कुत्री परत आली काय?

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. माझ्या पोरीला, मिठूला, साडेअकराचं औषध असतं, म्हणून माझा एक डोळा घड्याळावरच असतो. पण ते पुढं सांगते. आमच्या घरी किस्से असे साचतात, जशी सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी धूळ गच्चीवर. सकाळी पुसा, संध्याकाळी पुन्हा थर!

मंडळ तिघांचं. आमचे हे, सिलतऱ्याच्या कारखान्यात फिटर. त्यांच्यासोबतचे देवांगन भैया, क्रेन चालवतात. आणि रेल्वे स्टेशनवर गाड्यांची घोषणा करून रिटायर झालेले खोब्रागडे काका. दर रविवारी पुरानी बस्तीतल्या आमच्या गच्चीवर बसतात आणि माणूस पहिल्यांदा अंतराळात कसा गेला यावर भांडतात. फक्त सुरुवातीचंच! चंद्राच्या पुढचं विचारलं की देवांगन भैया हात झटकतात, "उसके बाद तो बस सर्विस है, भाभी!"

मी सातवी शिकलेली. माझ्याकडे भज्यांचं खातं.

* * *

एकदा त्या पहिल्या यानात जागा किती कमी होती, हे बघायला देवांगन भैया पाण्याच्या रिकाम्या ड्रममध्ये बसले. गुडघे आत, पोट आत. आता बाहेर काही येईना! आवाज ऐकून घरमालकीण वर आली. "ये क्या चल रहा है?"

काका गंभीरपणे म्हणाले, "दीदी, ये अभी ऊपर हैं. उतरने में टाइम लगेगा."

ड्रम कापावा लागला. तेव्हापासून मी पाणी बादल्यांत भरते. यांना काय!

* * *

पहिला माणूस वरून आला तो पॅराशूटनं शेतात उतरला. तिथं एक बाई नातीला घेऊन बटाट्याचं काम करत होती. समोर नारंगी कपडे, डोक्यावर पांढरं हेल्मेट! मला सगळ्या गोष्टींत ही बाईच आवडते.

मी म्हटलं, "तिनं पहिले विचारलं असंल, जेवला काय बापा?"

काका म्हणाले, "सूनबाई, त्याची नोंद नाही."

"नोंद करणारा जेवून आला असंल!" मी म्हटलं. काकांनी भज्यांची बशी माझ्यापुढं सरकवली.

* * *

काकांचं असं, की खोटं तोंडातून निघतच नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात मांडवाच्या दारात उभे राहून त्यांनी मोठ्यानं सांगितलं, "वरात बावीस मिनिटं लेट आहे!" व्याही आजपर्यंत बोलत नाहीत.

* * *

आता तो रविवार. मिठू सात वर्षांची. काळजाला जन्मापासून छिद्र आहे. जिना चढली की ओठ निळे. आदल्या दिवशीच तिच्या छातीला वायरी लावून तपासलं होतं, आणि ऑपरेशन आठ दिवसांनंतरच्या सोमवारी ठरलं होतं. पोरगी वायरींना घाबरली म्हणून हे हौसेनं बोलून गेले, "अगं, माणसाच्या आधी वर कुत्रीले पाठवलं होतं. तिले बी अशाच वायरी लावल्या होत्या!"

मिठू म्हणाली, "फिर वो वापस आई?"

घड्याळात अकरा वीस. यांनी माझ्याकडं बघितलं. काकांनी आभाळाकडं. देवांगन भैयांनी दोन भजी एकदम तोंडात कोंबली.

* * *

संध्याकाळी हे म्हणाले, "आली ना, आली." दुसऱ्या दिवशी सकाळी देवांगन भैया म्हणाले, "हव, उधर ही घर बना लिया उसने." पोरगी काय बावळट आहे?

"पापा बोले आई, भैया बोले रह गई. मतलब मर गई. मैं ऑपरेशन के लिए अंदर नहीं जाऊँगी."

समजावलं, रागावले, रडले. एकच हेका, "काका बोलेंगे तो मानूँगी."

मी काकांच्या घरी गेले. पायच धरले. "काका, एकदा आली म्हणा."

"सूनबाई, तिले वापस आणाची सोयच केली नव्हती त्या लोकांनी. आता मी बी खोटं बोललो, तं त्या जीवाचं काय राह्यलं?"

डॉक्टरही मला कुठं खोटं बोलतात! "बच जाएगी" म्हणा म्हटलं, तर म्हणाले, "कोशिश करेंगे." घरी येऊन पोळ्या केल्या. सगळ्या जळल्या.

* * *

काल काका आले. रविवार नव्हता. चहा नको म्हणाले. मिठू गच्चीवरच्या खाटेवर बसलेली.

"काका, कुत्ती वापस आई?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आई बेटा. लेट आई. पर आई."

"कितनी लेट?"

आयुष्यात पहिल्यांदा काकांनी आकडा सांगितला नाही. "बहुत लेट. तब तक किताबें छप गई थीं. इसलिए किसी को पता नहीं."

मिठूनं खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाली, "तो सबको बताओ ना!"

काका गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. खाली गल्लीत भाजीवाला, पोट्टे, घरमालकीण. काकांनी तोंडाशी हात धरले आणि स्टेशनवरच्या आवाजात ओरडले, "कुत्ती वापस आ गई है!"

सोमवारी तिला नेतो. तोवर आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आलात तर ती तुम्हाला विचारेल. आली म्हणा. लेट आली, पण आली. आणि बाकीच्यांनाही सांगून ठेवा.