आधी समोरच्याचं

सायमन सरांशी धड भांडायचीही सोय नव्हती. आवाज चढला की ते म्हणायचे, "आधी समोरच्याचं सांग. तो 'हो, असंच' म्हणाला की मग तुझं." आता ते वसईला परतलेत आणि इथे आखातात, अल् खुवैरच्या आमच्या ऑफिसात भांडणं सुखाने चालतात. मी नागपूरचा बौद्ध, वादात कुणाला ऐकणारा नव्हे. पहिल्याच मीटिंगमध्ये या माणसाने माझं डोकं फिरवलं होतं.

सर वसईचे ख्रिश्चन, आमच्या साइटवर सेफ्टी ऑफिसर. हा नियम त्यांनी थॉमसकडून उचलला होता. थॉमस म्हणजे सातआठशे वर्षांपूर्वीचा इटलीतला धर्मपंडित. सर मात्र त्याच्याबद्दल गल्लीतल्या दोस्तासारखं बोलायचे. "साधू व्हायला निघाला तर सख्ख्या भावांनी रस्त्यात धरला, बाबा. अंगावरचा झगा ओढला, किल्ल्यात कोंडला. मोहात पाडायला बाई पाठवली, तर हा जळतं लाकूड घेऊन तिच्यावर धावला."

"म्हणजे तुमचा संत तापटच की," मी म्हणायचो.

"तापटच. म्हणून तर पुढे लिहिताना आधी विरोधकाचा मुद्दा मांडायचा, तोही घासूनपुसून. अरबी विद्वानांचासुद्धा. मग स्वतःचं उत्तर. तोवर हात खाली येतो."

मला ही सगळी पुस्तकी बडबड वाटायची.

मग अल् हैलच्या साइटवर क्रेन चालवणाऱ्या रफिकच्या हातून सळयांचा गठ्ठा सुटला आणि विलास हा कामगार त्याखाली सापडला. जागीच गेला. त्याचा थोरला भाऊ सुधाकर आमच्याकडेच फोरमन होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कामगारांच्या कॅम्पवरून फोन आला. सर आणि मी पोचलो तेव्हा सुधाकरने रफिकला खोलीतून फरफटत अंगणात आणलं होतं. रफिकचं डोकं फुटून रक्त डोळ्यांत उतरत होतं. सुधाकरच्या हातात लोखंडी पाइप होता. "आज याला खलास करतो," तो म्हणत होता.

सर मध्ये शिरले. "सुधाकर, आधी याचं सांग."

मला चीड आली. भाऊ शवागारात पडलाय आणि यांना थॉमस सुचतोय! सुधाकरने पाइप फिरवला तो सरांच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. सर गुडघ्यांवर बसले, पण रफिकपुढून हटले नाहीत. "मार अजून. पण आधी याचं सांग, बाबा."

"काय सांगू याचं?" सुधाकर ओरडला. "गठ्ठा सुटताना हॉर्न दिला याने. सगळे पळाले. विल्या नाही पळाला. फोन होता कानाला." पाइप पुन्हा वर गेला आणि तसाच राहिला. "माझाच फोन होता. जेवायला काय आणू, विचारत होतो."

पांढरेफटक पडलेले सर मागे वळले. "रफिक, असंच?"

रफिक रत्नागिरीचा, कमी बोलणारा माणूस. एक 'हो' म्हणाला असता तर सुटला असता. त्याने तोंडावरचं रक्त पुसलं.

"नाय," तो म्हणाला. "हॉर्न मी उशिरा दिला, भाऊ."

आता हा मेलाच, असं मला वाटलं. सुधाकरचा हात खाली आला. मग पाइप टाकून तो रफिकशेजारी मातीत बसला, अंगातला शर्ट काढला आणि त्याने रफिकचं फुटलेलं डोकं दाबून धरलं.