कोंबडीच्या पोटात इंद्रायणी

कतारमधल्या दोह्यात जुलै महिन्यात गार पाण्याची तोटी सोडली तर कढत पाणी येतं. गच्चीवरची टाकी दिवसभर तापत असते. म्हणून आम्ही इथे मुरलेले लोक गीझर बंद ठेवतो आणि त्यात साठून निवलेलं पाणी आंघोळीला घेतो. आई आली त्या दिवशी मी तिला हे इतक्या अभिमानानं समजावलं, की जणू ही युक्ती माझ्याच डोक्यातून निघाली होती. आई "बरं" म्हणाली. आई नुसतं "बरं" म्हणते तेव्हा तिला काही बरं वाटलेलं नसतं, हे एव्हाना मला कळायला हवं होतं.

बाबा गेल्यावर ती नाशिकला एकटी पडली, म्हणून मी हट्टानं तिला मदिनत खलीफातल्या आमच्या घरी आणलं. कायमचीच राहा म्हटलं. ती "बघू" म्हणाली. महिनाभरात तिचं जेवण अर्ध्या पोळीवर आलं. डॉक्टरांना तपासण्यांत काही सापडलं नाही. भूकच नाही म्हणायची. मग एका सकाळी म्हणाली, "मला शुक्रवारी घरी पाठव." मी तिकीट काढलं, पण मनातून घाबरले होते. इथे माणसांत असून जी जेवत नाही, ती त्या रिकाम्या घरात एकटीसाठी कुकर तरी लावेल का?

मी क्वालिटी ऑडिटर आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो, आणि घरी हेच काम मी फुकट करते. आईच्या बाबतीत मी पहिल्याच दिवशी निदान करून टाकलं होतं: उष्णता. बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, असा हा देश. दुसरं काय असणार! मग सकाळी सब्जा, दुपारी ताक, चारला कोकम सरबत, झोपताना गुलकंद. मिरी, लसूण, आलं बंद. तिनं पिशवीतून आणलेला इंद्रायणी तांदूळ मी सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, साखर वाढते म्हणून. स्वयंपाकघरातही तिला मज्जाव होता. "आयुष्यभर राबलीस, आता बस. आराम कर," असं मी दिवसातून कितीदा म्हणायचे. ती बसायची. सोफ्यावर, एसीच्या बरोब्बर खाली, कानापर्यंत शाल गुंडाळून, हातात ताकाचा गार पेला घेऊन. हे दृश्य मी महिनाभर रोज पाहिलं. ऑडिटरला त्यात काहीही खटकलं नाही.

बुधवारी मी घरून काम करत होते. श्रावण तोंडावर आला होता. अकराच्या सुमाराला बेल वाजली. शेजारची कोरियन बाई दारात उभी होती, हातात मोठं पातेलं आणि त्यावर झाकण. तिचा नवरा इथे जहाजांच्या कामावर आहे. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं. माझं कोरियन मात्र उत्तम आहे, असं मी मानते, कारण त्यांच्या मालिका मी रात्रंदिवस पाहते. खरं म्हणजे ती बोलायला लागली की माझी नजर आपोआप खाली सबटायटल शोधते.

"गॅस खलास," ती म्हणाली. "किचन, प्लीज?"

पातेल्यात एक लहानशी आख्खी कोंबडी होती. शेजारी लसणाच्या पाकळ्या, सुकी लाल बोरं आणि जिनसेंगची दोन मुळं. तिच्या देशात उन्हाळ्याचे तीन कडक दिवस मानतात, त्यातला मधला आज. या दिवशी कोंबडीच्या पोटात चिकट तांदूळ भरून तिचं सूप करायचं आणि उकळतं उकळतं प्यायचं.

मला हसू आलं. एवढ्या उन्हात उकळतं सूप! मी तिला तिथल्या तिथे उष्ण आणि थंड पदार्थांवर व्याख्यान दिलं. तिनं ते शांतपणे ऐकलं, मग आत येऊन वाकून आईला नमस्कार केला आणि तिचा हात हातात घेतला.

"ओमोनी कोल्ड," ती म्हणाली. ओमोनी म्हणजे आई. एवढं मला मालिकांमुळे खरंच येतं. "व्हेरी कोल्ड."

"नो, नो. तिला हीट झाली आहे," मी म्हटलं.

"काय म्हणतेय गं ती?" आईनं विचारलं.

"काही नाही. उन्हाळ्याच्या तीन कडक दिवसांत यांच्याकडे काट्यानं काटा काढतात म्हणे. उन्हावर उकळतं सूप."

"मग बरोबर आहे तिचं," आई म्हणाली.

तेवढ्यात माझी मीटिंग सुरू झाली. मी आतल्या खोलीत गेले आणि तासभर एका गोदामातल्या माणसांना, समोर दिसतं तेही तुम्हाला दिसत नाही, म्हणून झापलं. बाहेर आले तर सोफा रिकामा. स्वयंपाकघरात आई पदर खोचून ओट्याशी उभी. शेजारणीचा तांदूळ कमी पडला होता, म्हणून स्टूल लावून वरच्या फळीवरचा इंद्रायणी काढला होता. कोंबडीचे पाय दोऱ्यानं बांधून झाले होते आणि पातेल्यातून वाफ येत होती.

"आई, स्टुलावर कोण चढलं?"

"ती चढली. मी धरलं," आई म्हणाली. "आणि ऐक, मिरी कुठे लपवलीस?"

जेवायला आम्ही तिघी बसलो. आईनं आधी शेजारणीला वाढलं, मग मला, मग स्वतःला. वाडगा दोन्ही हातांत धरून तिनं फुंकर मारत पहिला घोट घेतला आणि डोळे मिटले. मग कोंबडी, बोरं, शेवटी सूप पिऊन फुगलेला भात. मग तिनं दुसऱ्यांदा भात घेतला. महिनाभरात तिला असं जेवताना मी पाहिलं नव्हतं.

"पोटात ऊब आली बघ," ती म्हणाली. "म्हणजे ही यांची गटारीच की! तिसरा दिवस कधी म्हणाली?"

"श्रावणात येतो."

"मग कोंबडी नको. बिनमांसाचं काही करतात का, विचार तिला."

मी विचारलं. सोयाबीन भिजवून, वाटून, त्याच्या गार दुधात शेवया घालून खातात, असं कळलं.

"गार?" आईनं माझ्याकडे पाहिलं. "चालेल. तेवढा वेळ एसी बंद ठेव म्हणजे झालं."

"तू सांगितलं का नाहीस मला, थंडी वाजते म्हणून?"

"तू एवढ्या हौसेनं करत होतीस गं."

मी मान खाली घालून जिनसेंगचं मूळ चघळलं. ते कडू होतं आणि मला त्या वेळी साजेसंच होतं.

"आणि ते शुक्रवारचं राहू दे," आई सहज बोलावं तसं बोलली. "सोयाबीन कुठलं आणायचं ते हिला नीट विचारून घे."

माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी वाडगे उचलायला उठले, तर आईनं ते माझ्या हातातून काढून घेतले.

"बस गं तू. आराम कर."

मी सोफ्यावर जाऊन बसले. स्वयंपाकघरात दोघी आपापल्या भाषेत काहीतरी बोलत होत्या आणि हसत होत्या. मला उठून जावंसं वाटत होतं, पण आत माझं काही काम नव्हतं. एसीचा झोत सरळ मानेवर येत होता. आईची शाल तिथेच पडली होती. मी ती कानापर्यंत ओढून घेतली.