खालचे कडे

स्थानकावरील पाट्या रंगविणाऱ्या त्या गृहस्थांना नाव विचारण्याचे धैर्य मला कधीच झाले नाही. वर्तुळ ते खिळा आणि सुतळी लावून काढीत व पुरे झाले की स्वतःशीच "व्हय" म्हणत. शाळेच्या सामन्यांच्या फलकासाठी मी त्यांना जागतिक क्रीडास्पर्धांचे चिन्ह दिले. पाच खंडांची एकमेकांत गुंतलेली पाच कडी. वर तीन, खाली दोन.

"मास्तर, यातलं आपलं कंचं?"

"खालचे असावे," मी चाचरत म्हणालो.

"आन् सायबाचं?"

"वरचे."

त्यांनी कागद उलटा धरला आणि तसेच रंगविले.

सामन्यांना आलेल्या गोऱ्या साहेबांनी फलक न्याहाळला आणि चिन्ह असेच असते का, असे मला विचारले. नोकरी उशिरा व मोठ्या मिनतवारीने मिळालेली. कोपऱ्यात ते गृहस्थ शांतपणे कुंचला पुसत होते.

"व्हय," मी म्हणालो.