एका नाण्याचा राजा

देश स्वतंत्र झाला, संस्थानं खालसा झाली, तरी पेणमध्ये एक माणूस अखेरपर्यंत एका राजाचा प्रजाजन म्हणून जगला, आणि ते म्हणजे माझे मामा. या राजाचा उल्लेख ना पोथीत, ना शिलालेखात. गागोद्याला एका म्हातारीच्या शेतात नांगराच्या फाळाला लागून वर आलेलं तांब्याचं एक नाणं, एवढीच त्याची इस्टेट. नाण्यावर राजाचा चेहरा आणि कडेनं बारीक अक्षरांत त्याचं नाव. मामा गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचे, त्यामुळे नजर तयार. जुनी लिपी ते पुस्तकं आणून स्वतःच शिकले आणि नाणं उन्हात तिरकं धरून त्यांनी ते नाव वाचून काढलं. त्या दिवसापासून घरात राज्य बदललं.

एसटी चुकली की मामा म्हणायचे, "महाराजांच्या वेळी बैलगाडी तरी थांबायची." राज्याची हद्द मात्र त्यांच्या लहरीप्रमाणे हलायची. मामीचं माहेर रोह्याचं. तिकडे जावयाचा मानपान यथासांग झाला की राज्य थेट कुंडलिकेपर्यंत पसरायचं. वालाच्या बिरड्यात मीठ कमी पडलं की ते अलीकडे अंबा नदीलाच संपायचं. "मग मी परमुलखातली का?" मामी विचारायची. "तहात मिळालीस," मामा शांतपणे सांगायचे. एका वर्षी तर गौरीच्या मुखवट्यांचा साचा करताना त्यांच्या हातून राजाचं बाकदार नाकच उतरलं. रामवाडीची एक बाई मुखवटा फिरवून फिरवून बघत म्हणाली, "ही गवर कोनावर गेली गो बाय?" मालक तापले, मामा खूश.

मामांना मनापासून एकच गोष्ट हवी होती. त्या राजाचं नाव कुठल्या तरी जाणत्या माणसानं मान्य करून छापावं. त्यांनी नाण्याचं चित्र काढून पुण्याच्या एका नाणेतज्ज्ञांना पाठवलं. उत्तर आलं, "आपण चित्रकार आहात. चित्र सुंदर आहे, पण पुरावा म्हणून नाणंच पाहिलं पाहिजे." म्हातारी नाणं घराबाहेर जाऊ देईना, म्हणून पुढे दोन वर्षं पत्रं लिहून मामांनी त्यांनाच यायला लावलं. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. रजा काढून दोघांबरोबर गागोद्याला गेलो.

म्हातारीनं नाणं देव्हाऱ्यात टाकांच्या शेजारी ठेवलं होतं. याला फक्त फूल वाहायचं, घासायचं अजिबात नाही, असं मामांनी तिला बजावलं होतं आणि तिनं ते पाळलंही होतं. पण परगावचे पाहुणे दर्शनाला येणार म्हटल्यावर तिला राहवेना. चिंच आणि राख घेऊन तिनं सकाळभर देव उजळले. आम्ही दारात पोचताच कौतुकानं म्हणाली, "पेंटर, बगा आता कसा झळकतो! मळका देव पावन्यांना कसा दाखवायचा?" नाणं खरंच झळकत होतं. चेहऱ्याची जागा तेवढी कळत होती. नाव पार गेलं होतं. तज्ज्ञांनी भिंग लावलं, काढलं, आणि मामांच्या खांद्यावर हात ठेवला.

मामा रागावले नाहीत. म्हातारीनं वाढलेलं जेवले, तिच्या पाया पडले. परतताना फाट्यावर गाडीची वाट बघत उभे असताना म्हणाले, "दोन हजार वर्षांत त्याला कुणी आंघोळ घातली नसेल रे. तिनं घातली." आणि मग रडले. मामांना रडताना मी एवढं एकदाच पाहिलं. अजून आठवलं की जिवाला लागतं.

मामा गेले त्याला बरीच वर्षं झाली. मागे एकदा मुद्दाम गागोद्याला गेलो. आता म्हातारीची सून देव पूजते. नाणं अगदी गुळगुळीत झालंय. हात जोडताना मला काय वाटलं कोण जाणे, मी राजाचं नाव मोठ्यानं घेतलं.

सून ताम्हन हातात धरून बघत राहिली. "कोनाचं नाव घेतलंत हे?"

"या देवाचं," मी म्हटलं.

"आमाला ठावंच नव्हतं. परत बोला बगू," ती म्हणाली, आणि माझ्यामागून तिनं ते नाव दोनदा म्हणून पाहिलं.