समोरच्या शाहिराची बारी

माझ्या मेहुण्याइतका छळवादी गाणारा सावित्री नदीच्या दोन्ही काठांना दुसरा झाला नसेल, आणि झाला असलाच तर त्याच्या बहिणीशी लग्न करणाऱ्याला माझा सहानुभूतीचा नमस्कार. हा गृहस्थ उमरठच्या वाटेवरच्या एका वाडीत राहायचा. बाप जाखडीच्या नाचात मृदुंग वाजवणारा, त्यामुळे पोरगं पायात घुंगरू बांधूनच चालायला शिकलं, असं सासूबाई कौतुकाने सांगत. गौरी-गणपतीत आमच्या भागात शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पंथांच्या शाहिरांचा सामना लागतो. एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकायचा, समोरच्याने आपल्या बारीला गाण्यातूनच जवाब द्यायचा. सामना संपला की माणसं घरी जातात. माझा मेहुणा कधी घरी गेलाच नाही. चहा दिला तर साखर आधी पडली की पत्ती, हे तो चालीवर विचारी आणि उत्तर मिळेपर्यंत कपाला तोंड लावत नसे. माझ्या लग्नात त्याने स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हटलं, त्याच्या शेवटी नवऱ्याकडच्यांना एक सवाल टाकला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. नवऱ्याकडचे म्हणजे महाडच्या बाजारपेठेतली आम्ही साधी माणसं. माझे काका आयुष्यात कधी गाण्याच्या वाटेला गेले नव्हते, पण मुहूर्त टळेल या धास्तीने त्यांनी बिचाऱ्यांनी काहीतरी रडतखडत म्हटलं. "जवाब चुकला," मेहुणा गंभीरपणे म्हणाला, "पण लावा लगीन."

सुरुवातीला तोही इतरांसारखा सिनेमाच्या चालींवर आपले शब्द बसवायचा. त्याचा कायमचा प्रतिस्पर्धी होता कशेडीकडचा एक वयस्क तुरेवाला शाहीर. त्याने एकदा भर सामन्यात विचारलं, "चाल उसनी आणलीस, सवाल तरी तुझा हाय ना रे?" हे मेहुण्याच्या जिव्हारी लागलं. त्या पावसाळ्यात तो भातलावणीच्या बायकांच्या मागे बांधावर बसून त्यांची गाणी ऐकत राहिला. बायकांनी चिखलाचे गोळे मारले, तरी उठला नाही. त्यातून त्याने ज्या चाली काढल्या त्या कोणाच्याच नव्हत्या, त्याच्या होत्या. मला गाण्यातलं काही कळत नाही. माझं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान, टेप हळू फिरतेय की जोरात एवढंच मला कळतं. पण त्याने त्यातलं पहिलं गाणं दुकानात म्हटलं तेव्हा मी हातातलं काम खाली ठेवलं होतं, हे कबूल करायला हवं.

मग त्याला कॅसेट काढायची हुक्की आली. कंपनी नको, कोणाची मेहेरबानी नको, भावजींचं दुकान आहेच. भर दुपारी शटर ओढून, पंखा बंद ठेवून, घामाच्या धारांत आम्ही रेकॉर्डिंग केलं. प्रत्येक गाण्याच्या शेवटी सवाल.

पोरं गेली मुंबैला, दारी कुलूप झुले,
सांग शाहिरा, अंगण कुणाच्या पायांनी फुले?

सवाल टाकला की तो मृदुंगावर हात ठेवून गप्प बसे. मी टेप थांबवायला गेलो की डोळे वटारी. अशा रीतीने आमच्या कॅसेटमध्ये गाणं कमी आणि पंख्याविना उकडणारी शांतता जास्त भरली गेली. गिऱ्हाइकं बिघडलेला माल म्हणून परत आणू लागली. महाडचा एक ट्रकवाला तर चिडून म्हणाला, "अवो, तुमची कॅसेट घाटात मुकी होते. मी रीळ ओढून बघितलं, आता ते पार सीटखाली गेलंय."

तेवढ्यात मुंबईचा एक कॅसेटवाला गणपतीला गावी आला होता, तो दुकानात शिरला. चाली ऐकून खूश झाला. म्हणाला, मधलं मुकं कापा, सगळ्या कोकणात खपवतो. मेहुण्याचं नाव होण्याची ही एकच संधी होती, आणि मेहुणा म्हणाला, "नाय."

"अरे, पण कोणासाठी ठेवलीस ती जागा?" मी ओरडलो. "तुझा तुरेवाला शिमग्यात वारला. जवाब देणार कोण?"

"म्हणून मी त्याची बारी खायची काय, भावजी?"

याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला न विचारता मी दोन टेपरेकॉर्डर वायरींनी जोडून मोकळी जागा गाळायला बसलो. पहिल्याच गाण्याला दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. त्या तुरेवाल्या शाहिराची बायको. "आमच्यांना सवाल घातलाय म्हणतात ह्याच्यात," ती म्हणाली. "ऐकवता काय?" मी तिला स्टुलावर बसवून मूळ कॅसेट लावली. गाणं झालं, सवाल आला, शांतता सुरू झाली. सवयीने मी टेप पुढे पळवायला हात नेला, तर तिने माझं मनगट धरलं.

"थांबा, भाऊ. ते इचार करतायत. त्यांना येळ लागायचा."

पुढचं गाणं सुरू होईपर्यंत ती टेपरेकॉर्डरकडे बघत बसली. मग मान हलवली, एक कॅसेट मागून घेतली, पदरात गुंडाळली आणि एसटी स्टँडकडे गेली.

मी जोडलेल्या वायरी काढल्या आणि मुंबईवाल्याला नाही म्हणून कळवलं. मेहुण्याला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने त्यावरही सवाल केला असता. आता कॅसेटी कोणी घेत नाही. कधीतरी दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी आमची ती कॅसेट लावतो, सवाल संपला की हात मांडीवर ठेवतो आणि म्हातारबुवांचं होईपर्यंत थांबतो.