लुगड्यांची होडी

“पाण्याले इचारू,” म्हणत गुरुजी भोपळ्याच्या पोटावरून तळहात फिरवायचे. भाजी घ्यायला येऊन भलतंच काही पाहणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे गुरुजी अकोल्याच्या शाळेत चित्रकला शिकवायचे आणि सकाळी जठारपेठेमागच्या आमच्या मळ्यात यायचे. माय कोवळं, सरळ फळ पुढे करी. ते बाजूला सारून हे वाकडं, जून फळ मागत.

मी तेव्हा लग्नाच्या वयाची होते, अकलेच्या नव्हे. फळ निवडून झालं की गुरुजी हौदाकडे टक लावून बसत, आणि हौदावर मी मुळे धूत असे. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला, म्हणून शिकणारी मुलं नागपूरला जात. गुरुजींचा पुतण्याही तिथेच होता. मला सगळं समजलं, गुरुजी त्याच्यासाठी मुलगी पाहत होते. दुसऱ्या दिवसापासून मी काजळ घालून मुळे धुवायला बसले. मुळ्यांना त्याचं काही वाटलं नाही.

एकदा गुरुजी उठून थेट माझ्याजवळ आले. मी पदर सावरला.

“बाई, थोडी सरकतं का? मले हौद पायजे.”

पिशवीतून त्यांनी उभा चिरून कोरलेला दुधी काढला, मग कोहळा. त्यांत काडी खोचून तिला पळसाचं पान लावलं, पाण्यात सोडलं आणि फुंकर मारली. दुधी पळाला आणि कलंडला. कोहळा बसला तो बसलाच.

“या दोघायच्या मधला पायजे,” गुरुजी म्हणाले.

“जावई का?” मायनं विचारलं. पुतण्याची आशा तिलाही होतीच.

“होडी,” गुरुजी म्हणाले.

त्यांच्या घरी मास्तरीणबाई होत्या, त्यांची बायको. एका तापात त्यांचे पाय गेले होते. माहेर कौंडण्यपूरचं, वर्धेच्या काठचं. लहानपणी डोंगा हाकत पैलतीरी जाणारी ही बाई. आता बैलबंडीत बसवलं तर दर दणक्याला कळ मस्तकात जाई, आणि गुरुजींनी पाठीवर घेतलं तर आळी दारात उभी राहून पाही. “मी का गाठोडं आहो?” म्हणून त्यांनी बाहेर पडणंच सोडलं. गुरुजी परीक्षेला मुंबईला गेले होते, तेव्हा मौजेखातर फिरणाऱ्या शिडाच्या होड्या त्यांनी पाहिल्या होत्या. धक्का नाही, आणि पायांचं कामच नाही.

होडी अंगणात झाली. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर आळीतली जुनी लुगडी, जवसाच्या तेलात राळ उकळून चिकटवलेली, थरावर थर. वाळल्यावर टिचकी मारली की पत्र्यासारखी वाजे. कलंडू नये म्हणून तळाशी मधोमध उभी सागवानी फळी, वर मांजरपाटाचं शीड. मीही एक लुगडं दिलं, जरा नवंच. पुतण्या सुटीत आला की काठ पाहून विचारेल, हे कोणाचं? गुरुजींनी त्यावर डांबर फासलं.

“कापड ते कापडच, गुरुजी. बुडन,” शेजारी म्हणत.

“पाण्याले इचारू.”

पण मास्तरीणबाई आतून म्हणत, “मी नाई बसत. लोकायले फुकटचा तमाशा.” तेव्हा गुरुजी राळ ढवळत राहत. होडी तरंगेल याची त्यांना खात्री होती. बाई बसेल याची नव्हती.

होडी गावाबाहेरच्या तलावावर नेली, त्या दिवशी मात्र बाई दात आवळून बंडीत बसल्या. “बुडते कशी ते पाहतो मी,” म्हणाल्या.

ती बुडली नाही. बाई बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिल्या, मग म्हणाल्या, “न्या मले.” गुरुजींनी त्यांना पाठीवरून पाण्यात नेऊन आत बसवलं. दोघांनी तलावाला एक फेरी मारली. शिडाची दोरी आणि सुकाणू गुरुजींनी त्यांच्या हाती दिलं. काठाजवळ आल्यावर बाई म्हणाल्या, “उतरा.”

“काहून?”

“तुमच्यानं होडी मांगून दबून राहिली ना. उतरा तुमी.”

गुरुजी कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि बाईंना उचलायला सवयीनं हात पुढे केले. बाईंनी दोरी ओढली, शीड फुगलं आणि होडी मधोमध निघाली. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही.

माय काठावरून ओरडली, “अवो गुरुजी, बलवा ना बाईले.”

“राहू दे,” ते म्हणाले. “पाय गेल्यापासून आज पयल्यांदा मले सोडून चालली.”

आता दोघंही नाहीत. पुतण्याचं कुठे जमलं ते मला विचारू नका, मी बघायला गेले नाही. गुरुजी मात्र मला पाठमोरेच आठवतात. धोतर भोवती पाण्यावर पसरलेलं, उचलून घ्यायला पुढे केलेले हात तसेच, आणि शीड पार पलीकडच्या बाभळींपाशी पोचलं तरी त्यांची बाहेर यायची तयारी नाही.