नाशिक ते नागपूर, मार्गे अमेरिका

सन २००३. गंगापूर रोडवर माझा सायबर कॅफे होता. गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजची टवाळ पोरं, आणि एक सलाउद्दीनभाई. टेलिफोन खात्यातून लाइनमन म्हणून रिटायर झालेले. बायको रोशनबी आदल्या वर्षी गेली, एकुलती मुलगी आयशा लग्न होऊन नागपूरला. दर रविवारी अकराला ते हेडफोन लावून तिच्याशी नेटवर बोलायचे. बोलायचे कसले डोंबल! "आवाज आ रही क्या?" यातच वेळ जायचा. दोन मिनिटांत सगळं तुटायचं, आयशा ठेवून द्यायची, आणि हे तसेच स्क्रीनकडे बघत बसायचे.

"अहो, एसटीडी लावा ना सरळ," मी वैतागून म्हणायचे.

"फोनवर ती घाईत असते, मोहिनीताई. म्हणते, नेटवर निवांत बोलू."

आता लाइनमनच तो. लाइनवर कोणी गप्प झालं की कुठेतरी फॉल्ट आहे, एवढंच त्याला ठाऊक. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात खांबामागून खांब तपासत यांची सगळी नोकरी सरली. घरी महिन्यातून दोनदा. आयशा त्या सगळ्या वर्षांत आईपाशीच वाढली, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

मी त्यांना कॉम्प्युटरची एक कमांड शिकवली. आपला निरोप कुठल्या कुठल्या मशीनवरून जातो, त्याची यादी पडद्यावर येते. झालं! माणूस वेडा झाला. रोज यायचे, यादी उतरवून घ्यायचे. कुठला पत्ता कुठल्या कंपनीचा, हे सांगणारं रजिस्टर नेटवर सगळ्यांना खुलं असतं, ते शोधून काढलं. काही कंपन्या तर स्वतःचे रस्ते बाहेरच्यांनाही पाहू देतात, तीही पानं सापडली. इंग्रजी मी वाचायचे, नकाशा ते काढायचे.

दीड महिन्यानं उलगडा झाला. निरोप नाशिकहून मुंबईला, तिथून थेट अमेरिकेला, आणि परत मुंबई करून नागपूरला! आम्हाला नेट पुरवणारी कंपनी आणि आयशाला पुरवणारी कंपनी, दोघींची मशीनं मुंबईत, पण एकमेकींना जोडलेल्या होत्या फक्त अमेरिकेत. मी कपाळावर हात मारला.

सलाउद्दीनभाई मात्र खुलले. "सापडला फॉल्ट! माझ्या पोरीचा काय दोष?"

रजिस्टरमध्ये दोन्ही कंपन्यांच्या इंजिनिअरांचे ईमेल होते. आम्ही नकाशासकट पत्रं धाडली. मला वाटलं, कोण कुत्रं विचारतंय! पण एकाचं उत्तर आलं: तुमचं बरोबर आहे, मुंबईत जोडणी करायचं काम चालूच आहे, पुढच्या महिन्यात होईल.

आणि झालं. यादीतली अमेरिका गेली. त्या रविवारी सलाउद्दीनभाई इस्त्रीचा शर्ट घालून आले. स्क्रीनवरच्या एका खिडकीत लाइनची चाचणी चालू ठेवली, आणि हेडफोनची पिन काढून स्पीकर लावला. "ऐका ताई, किती साफ येतंय!"

खरंच, शेजारच्या खोलीतून बोलावं तशी आयशा ऐकू येत होती. तिच्याकडचा पंखासुद्धा.

"खाना खाया बेटा?"

"हां."

"दामाद कैसे हैं?"

"ठीक हैं."

मग दोघंही गप्प. सलाउद्दीनभाईंनी बोलायला काहीतरी आठवायचा फार प्रयत्न केला. मला त्या पोरीचा राग आला, आणि कीवही आली. तिला तरी या माणसाशी बोलायला कुणी शिकवलं होतं?

"अब्बा," आयशा म्हणाली, शब्द न् शब्द स्वच्छ, "आवाज टूट रही है."

चाचणीच्या खिडकीत एकही तूट नव्हती. सलाउद्दीनभाईंनी ती नीट पाहिली. मी बोलणार, तेवढ्यात त्यांनी हातानं मला थांबवलं आणि माइकजवळ वाकले.

"हां बेटा, टूट रही है. रख दे."